ज्येष्ठांची सरकारी कामं मोबाईलशिवाय कशी झाली? अनुभव लिहा

नोव्हेंबर आला की पेन्शनवाल्या घरात हयातीच्या दाखल्याची गडबड सुरू होते. जीवन प्रमाण, म्हणजे हा दाखला ऑनलाईन द्यायची सोय, 2014 पासून आहे, ज्यांना जमतं त्यांची मोठी सोय झाली, पण ज्यांच्याकडे साधा फोन आहे किंवा नीट दिसत नाही त्यांनी काय करायचं? कोणाला काय सांगितल्यावर काम झालं तेही लिहा, दुसऱ्याला उपयोग होईल.

*

आईचं वय 82. बँकेत काउंटरवर सांगितलं, आता सगळं ऑनलाईन. मी मॅनेजरना भेटले, कागदी दाखला चालतो हे शांतपणे सांगितलं, मग त्यांनीच फॉर्म काढून दिला आणि आईने समोर सही केली. 80 च्या पुढच्यांना 1 ऑक्टोबरपासूनच देता येतो, गर्दी टळते. आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका!!

*

आमचे आबा अंथरुणाला खिळलेत. हयातीच्या दाखल्यासाठी पोस्टमनला निरोप दिला तर तो मशीन घेऊन घरीच आला, 70 रुपये घेतले. पण आबांनी जन्मभर शेतात राबून बोटांवर रेघाच राहिल्या नाहीत, ठसा काही केल्या उमटेना, कोमट पाण्याने हात धुतले, पुसले, तरी नाही, शेवटी त्याने स्वतःच्या मोबाईलवर चेहरा घेतला. आबांना "डोळे मिचकवा" म्हटलं की ते घट्ट मिटूनच घ्यायचे. त्या माणसाने जराही घाई केली नाही, मला त्याचं फार कौतुक वाटलं.

*

2024 च्या लोकसभेला आजीने घरून मतदान केलं. 85 च्या वरच्यांसाठी 12 डी फॉर्म असतो, बीएलओ (आपल्या भागातली मतदार यादी सांभाळणारा कर्मचारी) घरी आणून देतो, पण मुदत कमी असते, लक्ष ठेवा.

*

मी बँकेतून रिटायर झालोय म्हणून सांगतो, सत्तरी ओलांडलेल्यांना घरपोच सेवा द्या असं रिझर्व्ह बँकेने 2017 मध्येच बँकांना कळवलंय, रोख रक्कम, हयातीचा दाखला सगळं त्यात येतं. तोंडी विचारलं तर बऱ्याचदा नाही म्हणतात, तेव्हा लेखी अर्जच द्या.

*

रेशनचं कोणी सांगेल का? सासूबाईंचा अंगठा मशीनवर लागत नाही, दुकानदार ओटीपी मागतो आणि आधारला जोडलेला नंबर सासऱ्यांचा होता, ते गेल्यावर तो बंद झाला. त्यांना जिना उतरवत नाही. घरी येऊन नंबर बदलून दिलाय का कोणाला?