स्टॉकला पाठवलेले फोटो 'टेक्निकल क्वालिटी' म्हणून परत येऊलेत, नेमकं काय बघतात तिथं?

खानापूरकर_लेन्स

नमस्कार मंडळी. बरेच दिवस ही गोष्ट डोक्यात घोळूलीय, म्हटलं इथं विचारून बघू. माझ्याकडं २४ मेगापिक्सेलचा क्रॉप सेन्सर डीएसएलआर आहे, त्यासोबत आलेली १८-५५ लेन्स, बाकी काही नाही. त्यावर गोकाकचा धबधबा काढला, जांबोटीच्या बाजूचं रान काढलं, आमच्या इथल्या कुंभाराचे चाकावरचे हात काढले, बेळगावच्या शिवजयंतीचे चित्ररथ रात्री फिरून काढले. मोबाईलवर बघितलं तर एकदम कडक दिसतात, सगळ्यांना आवडतात, खरं स्टॉक साईटवर (जिथं फोटो विकायला ठेवतात) चढवले की 'टेक्निकल क्वालिटी' एवढंच लिहून परत. कधी नॉईज (दाणेदारपणा) म्हणतात, कधी फोकस, कधी आर्टिफॅक्ट्स (एडिटिंगमुळं आलेली खराबी). नॉईज म्हटले म्हणून नॉईज रिडक्शन वाढवून परत पाठवला तर तोच फोटो आर्टिफॅक्ट्स म्हणून आला, आता ह्याला काय म्हणायचं? लेन्सच बदलायला पाहिजे काय? एवढे पैसे घालायच्या आधी विचारूलोय. चार फोटो फुल साईज लिंकला टाकलेत, बघून जे असेल ते स्पष्ट सांगा.

शहापूर_स्टुडिओ

लेन्स घेऊ नकोस, आधी हे वाच. चारही फोटो डाऊनलोड करून कॉम्प्युटरवर १०० टक्के करून बघितले, तिथं रिव्ह्यूवाला पण तसंच बघतो. मोबाईलच्या स्क्रीनवर तुझे २४ मेगापिक्सेल चेपून जेमतेम दोन-तीन होतात, त्यात नॉईज पण मरतो आणि थोडका फोकस गेला असेल तर तो पण झाकतो, म्हणून कडक दिसतं. विकत घेणारा माणूस मात्र तोच फोटो बॅनरला लावील नाहीतर त्यातला एक कोपरा कापून पुस्तकाच्या कव्हरला घेईल, त्याला प्रत्येक पिक्सेल धड पाहिजे असतो.

कुंभाराचा फोटो घे. फोटो म्हणून मला चौघांतला हाच सगळ्यात आवडला, उजेड खिडकीतनं आलाय, ओल्या मातीवर चमक आहे, सगळं आहे. खरं १०० टक्के केल्यावर मडक्याच्या मागच्या काठावर बोटांच्या रेषा उमटल्यात त्या एकदम धारदार आणि पुढं अंगठ्याचं नख, जिथं बघणाऱ्याची नजर पहिल्यांदा जाते, ते मऊ. ५५ एमएम, ॲपर्चर एफ ५.६ (म्हणजे लेन्सचं भोक, आकडा मोठा तेवढं भोक लहान), अंतर अर्ध्या मीटरच्या आसपास असणार, एवढ्या जवळनं क्रॉप सेन्सरवर फोकसची जाडी जेमतेम दोन सेंटीमीटर येते बघ. कॅमेऱ्यानं स्वतःच्या मनानं पॉइंट निवडला आणि तो मागं बसला. सिंगल पॉइंट ठेव, तो अंगठ्यावर नाहीतर पुढच्या बोटांवर धर, एफ ८ कर, आणि शटर १/६० ला सोडलायस ते १/२५० वर ने, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) वाढला तरी चालेल. चाक फिरताना धूसर दिसलं तर कोण नाही म्हणत नाही, ती चाल आहे. खरं फोटोत एक तरी जागा अशी पाहिजे की तिथं बोट ठेवून म्हणता येईल, हितं फोकस आहे. तुझ्या फोटोत ती जागा आहे, पण नको तिथं.

गोकाकचं वेगळं आहे. पाणी रेशमी दिसावं म्हणून एफ २२ केलायस. त्या ॲपर्चरला डिफ्रॅक्शननं (बारीक भोकातनं जाताना उजेड पसरतो त्यानं) अख्खा फोटोच मऊ पडतो, कितीही महागडी लेन्स लाव. एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काळपट काच) घे, नवीन लेन्सच्या मानानं कितीतरी कमी पैशात येतो, आणि एफ ८ ते ११ मध्ये राहा. ट्रायपॉडवर असशील तर लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद कर. आणि घटप्रभा ५२ मीटरवरनं कोसळताना पावसाळ्यात जे तुषार उडतात ते लेन्सवर बसतात, तुझ्या फोटोत डाव्या बाजूला खडकावर दोन गोल डाग आलेत ते तेच. प्रत्येक फोटोआधी मायक्रोफायबरनं पुसायचं, कंटाळा करायचा नाही. फेस पण पांढराफटक उडालाय, त्यात काही डिटेल उरलेलं नाही. एक्स्पोजर थोडं खाली घेतलं असतंस तर रॉ फाईलमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाईलमध्ये) तो सापडला असता. उडालेला पांढरा परत आणता येत नाही.

रानाच्या फोटोत पानगळ झालेल्या फांद्या आणि मागं पांढरं ढगाळ आकाश, म्हणजे जांभळी किनार येणारच, कोपऱ्यात तर स्पष्ट दिसूलीय. लाईटरूम ह्या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये क्रोमॅटिक ॲबरेशनची (ह्याच रंगीत किनारीची) एक टिक आहे ती मार, उरलं तर डीफ्रिंजचा स्लायडर. आणि शार्पनिंग कमी कर रे, डोंगराच्या कडेला आकाशात पांढरी रेघ उठलीय ती शार्पनिंगची आहे. स्टॉकला फोटो थोडा कमी शार्प पाठवलेला बरा, घेणारा त्याला पाहिजे त्या साईजला शार्प करून घेतो.

आता तुझा मुख्य प्रश्न, नॉईज घालवला तर आर्टिफॅक्ट्स का. नॉईज रिडक्शन जास्त लावलं की कातडी मेणाच्या पुतळ्यासारखी होते, मग ते मऊ झालं म्हणून तू शार्प केलंस, मग कडा फुटल्या, त्यावर जेपीजी सेव्ह, ती उघडून परत सेव्ह. प्रत्येक पायरीला फोटोचा जीव जातोय. १४ बिटच्या रॉ फाईलमध्ये एका चॅनलला (लाल, हिरवा नाहीतर निळा) १६,३८४ पायऱ्या असतात आणि जेपीजीत २५६, म्हणून जे काय ओढाताण करायची ती रॉ वर करायची आणि शेवटी एकदाच पूर्ण क्वालिटीला जेपीजी काढायची. आणि मला विचारशील तर ज्या फोटोला एवढं वाचवावं लागतंय तो पाठवूच नये, परत जाऊन काढावा. तुझं गाव तिथंच आहे, कुंभार तिथंच आहे.

निपाणीची_रात्र

वरचं सगळं बरोबर, मी फक्त चित्ररथाच्या फोटोवर बोलते कारण रात्रीचंच काम जास्त करते. भाऊ, त्यात नॉईज आहे तो आयएसओ जास्त ठेवल्यामुळं नाही, कमी ठेवल्यामुळं आहे. आयएसओ १६०० वर अंधारा फोटो काढून नंतर शॅडोचा स्लायडर उजवीकडं ताणलायत ना? मावळ्यांच्या वेशातली पोरं मागं उभी आहेत तिथं काळ्यात लाल-हिरवे ठिपके उठलेत. त्यापेक्षा ३२०० वर एक्स्पोजर नीट घेतलं असतं तर ह्याच्यापेक्षा स्वच्छ आला असता. लोक आयएसओला उगीच घाबरतात.

दुसरं, महाराजांच्या मूर्तीच्या मागं आडवे काळपट पट्टे आलेत. ते एलईडीचे. आपल्याकडं वीज ५० हर्ट्झची म्हणजे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, शटर १/१०० नाहीतर १/५० ठेवलं की पट्टे बहुतेक जातात. जनरेटरवरचे दिवे आणि ते रंगीत एलईडी पॅनल मात्र स्वतःच्या तालात चालतात, तिथं दोन-चार शटर बदलून मागच्या स्क्रीनवर झूम करून बघूनच पुढं जायचं. पट्टे एडिटिंगमध्ये काढत बसलात तर अख्खी रात्र जाईल.

आणि एक सोपा उपाय सांगते जो कोण सांगत नाही. ॲडोबी स्टॉक काय, शटरस्टॉक काय, दोन्हीकडं कमीत कमी ४ मेगापिक्सेल लागतात. तुमचा फोटो ६०००x४००० चा. तो ३०००x२००० केला तरी ६ मेगापिक्सेल उरतात आणि नॉईज निम्म्यानं खाली बसतो, किंचित मऊ असेल तर ते पण आवळून येतं. ही फसवणूक नाही, छोटी साईज असली तरी घेणाऱ्याला स्वच्छ फाईल मिळते. मात्र उलटं कधी करू नका, लहान फोटो ताणून मोठा केलेला लगेच ओळखू येतो.

चिक्कोडी_३२

धुळीचं कोण बोललं नाही म्हणून लिहितो. आकाशात उजव्या बाजूला वर करड्या रंगाचा ठिपका आहे, रानाच्या फोटोत पण आणि धबधब्याच्या पण, तिथंच. सेन्सरवर धूळ आहे. एफ १६ करून मुद्दाम फोकस घालवून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा, सगळे डाग दिसतील. साध्या ब्लोअरनं नाही गेला तर सर्व्हिसिंगला द्या, कापूस घालू नका आत.

चिंचलीच्या मायाक्काच्या जत्रेत जाणार असाल तर लेन्स काढूच नका, भंडारा आत गेला की संपलं. आणि भंडाऱ्याचा पिवळा कॅमेऱ्याला झेपत नाही, साधा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) ठीक दाखवतो खरं लाल चॅनल कधीच उडालेला असतो आणि मग माणसाच्या तोंडावर नुसता पिवळा थर, खाली कातडीच नाही. तिन्ही चॅनलचा वेगळा हिस्टोग्राम लावा आणि सॅच्युरेशन वाढवू नका, तो रंग मुळातच पुरेसा आहे.

खानापूरला पाऊस भरपूर, लेन्स बॅगेत कोंडून ठेवत असाल तर बुरशी धरते. हवाबंद डबा आणि सिलिका जेल. टॉर्च मारून लेन्समधनं आरपार बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर मग सगळेच फोटो धुरकट येणार.

खानापूरकर_लेन्स

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं बारकाईनं आजपर्यंत कोण बघून दिलं नव्हतं. टॉर्च मारून बघितलं, बुरशी नाही. ठिपका मात्र आहे, भिंतीवर आणखी तीन सापडले. ताई, चित्ररथाचा ३००० चा करून बघितला, खरंच फरक आहे, खरं पट्टे तसेच आहेत म्हणून तो ठेवून देतो, पुढच्या वैशाखात आमच्या शिवजयंतीला परत काढीन. एकच विचारायचं राहिलं, माझ्या मोबाईलला ५० मेगापिक्सेल आहे, मग कॅमेऱ्यापेक्षा तोच पाठवला तर?

शहापूर_स्टुडिओ

पाठवता येतो, मोबाईलचे पण घेतात, खरं ५० च्या मोडवर काढू नकोस. सेन्सर नखाएवढा, त्यावर पाच कोटी पिक्सेल कोंबलेत, म्हणून एकेका पिक्सेलला उजेड मिळत नाही. चार पिक्सेल मिळून एक करतो तो साधा १२ मेगापिक्सेलचा मोड ठेव, स्टॉकला तेवढे भरपूर झाले. भर उन्हात काढ, डिजिटल झूम नको, पोर्ट्रेट मोड नको, त्यात केसांच्या कडा आणि कानातले डूल अर्धे खाल्लेले येतात आणि तेवढ्यावरच फोटो परत येतो. कॉम्प्युटरवर घेताना केबलनं घे, व्हॉट्सॲपवरनं स्वतःला पाठवून घेतलास तर तो चेपूनच येणार.

कुंभाराकडं कधी जातोस ते सांग, सकाळी नऊच्या आधी जा, त्या खिडकीतनं ऊन तिरकं येत असणार. शंभर टक्के करून आधी नख बघ, मग पाठव.