विजेच्या धड्यातली सूत्रं पाठ होतात, पण पेपरात उलटसुलट होतात. काय करावं?

खानापूरची आई:
नमस्कार. माझी मुलगी यंदा दहावीला आहे, मराठी माध्यम. गणित बरं आहे तिचं, पण विज्ञानातला विजेचा धडा आला की रडकुंडीला येते. रात्री मी भांडी घासत असते आणि ती मागं बसून मोठ्यानं म्हणत असते, "व्ही बरोबर आय गुणिले आर". वीस-वीस वेळा लिहून काढते. सकाळी विचारलं तर घडाघडा सांगतेसुद्धा. पण परवाच्या चाचणीत ६ ओहम आणि ३ ओहम समांतर जोडणीत होते, तिनं उत्तर ०.५ लिहिलं. शक्तीची तीन सूत्रं आहेत, त्यातलं कुठलं कधी घ्यायचं तेही तिला कळत नाही. मी आठवीपर्यंत शिकलेली, घरी शिलाई करते. मला समजावता येत नाही याचं फार वाईट वाटतं. पुढं पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, सगळं इंग्रजीत, त्याचीही धास्ती आहे.

निपाणीहून:
त्रिकोण काढायला सांगा. वर व्ही म्हणजे व्होल्टेज, खाली आय म्हणजे करंट आणि आर म्हणजे रोध. जे हवं त्यावर बोट ठेवायचं, उरलेलं ते सूत्र. आमच्या पोराला उपयोग झाला.

वाइंडिंगवाला, उद्यमबाग:
ताई, मी बेळगावात मोटार रिवायंडिंग करतो, बावीस वर्षं झाली. त्रिकोण चांगला आहे, पण घाबरलं की त्रिकोणातली अक्षरंही जागा बदलतात. माझं दहावीला तसंच झालं होतं. सूत्र पाठ करण्याआधी एककं नीट समजून घ्यायला सांगा, सगळं त्यातच आहे बगा.

अँपिअर म्हणजे एका सेकंदाला किती कूलोम प्रभार गेला. व्होल्ट म्हणजे एका कूलोममागं किती जूल ऊर्जा खर्ची पडली. आता दोन्हींचा गुणाकार करा. कूलोमला कूलोम उडाला, राहिलं काय? एका सेकंदाला किती जूल. त्यालाच वॉट म्हणतात, ते शक्तीचं, म्हणजे पीचं, एकक. म्हणजे पी बरोबर व्ही गुणिले आय हे पाठ करायचं कामच नाही. त्यात व्हीच्या जागी आय गुणिले आर घातलं की दुसरं सूत्र, आयच्या जागी व्ही भागिले आर घातलं की तिसरं. ती तीन सूत्रं नाहीतच, एकच आहे.

कुठलं कधी? जे सगळ्यांना सारखं मिळतंय ते धरायचं. एकसर जोडणीत करंट सारखा, म्हणून आयचा वर्ग गुणिले आर. समांतर जोडणीत व्होल्टेज सारखं, म्हणून व्हीचा वर्ग भागिले आर. आमच्या दुकानात सिरीज टेस्टिंगचा बोर्ड आहे. त्यावर ६० वॉटचा आणि १०० वॉटचा पिवळा बल्ब एकसर लावला की ६० वाला जास्त उजळतो. नवीन पोरगं कामाला आलं की मी त्याला हे पहिल्यांदा दाखवतो, कारण एकदा डोळ्यांनी बघितलं की विसरत नाही. २२० व्होल्टच्या हिशेबानं ६० वॉटच्या बल्बचा रोध सुमारे ८०७ ओहम, १०० वॉटच्याचा ४८४. करंट दोघांतून एकच, म्हणून ज्याचा रोध जास्त तो जास्त शक्ती घेतो. घरात मात्र दोघांनाही पूर्ण २२० मिळतात, तिथं १०० वालाच उजळ. घरी मुलीला हे जोडू देऊ नका, कुणा वायरमनकडं नेऊन दाखवा.

आता ते ०.५. एक भागिले सहा अधिक एक भागिले तीन करून ती थांबली, शेवटचं उलटायचं राहिलं. उलटायलाच नको अशी वाट आहे. दोन्हींचा लसावि ६, म्हणून मनात ६ व्होल्ट लावा. ६ ओहममधून १ अँपिअर जाईल, ३ ओहममधून २. एकूण ३ अँपिअर. ६ भागिले ३, उत्तर २ ओहम. झालं. आणि पडताळा असा: दोनच रोध समांतर असतील तर उत्तर लहान रोधापेक्षा कमी, पण त्याच्या निम्म्यापेक्षा कमी कधीच नाही. इथं दीड ते तीनच्या मधेच यायला हवं. ०.५ दिसल्याबरोबर तिला शंका यायला पाहिजे होती.

निवृत्त शिक्षक:
वर फार छान सांगितलं आहे. मी वर्गात गोकाकचा धबधबा सांगत असे. घटप्रभा तिथं सुमारे ५२ मीटर खाली पडते. ती उंची म्हणजे विभवांतर (व्होल्टेज) आणि पाण्याचा लोंढा म्हणजे विद्युतधारा (करंट). उन्हाळ्यात उंची तेवढीच असते, पण धार बारीक होते, म्हणून जोर कमी. पाण्याची शक्ती उंची आणि प्रवाह यांच्या गुणाकारावर ठरते, अगदी व्ही गुणिले आय सारखी. श्रावणात एकदा मुलीला दाखवून आणा.

इंग्रजीची धास्ती नको, अक्षरं तिकडंही तीच असतात. आतापासून वहीत रोध लिहिलं की शेजारी रेझिस्टन्स, विभवांतरापुढं पोटेन्शियल डिफरन्स लिहू द्या. करंटला 'आय' का, हे मुलं हमखास विचारतात. फ्रेंचमध्ये धारेच्या तीव्रतेला जो शब्द होता, त्याचं ते पहिलं अक्षर. आणि ज्यांनी हा नियम १८२७ मध्ये मांडला ते ओहम स्वतः शाळेत शिकवत होते, हेही तिला सांगा.

खानापूरची आई:
सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री तिला वाचून दाखवलं. आमच्या इस्त्रीवर १००० वॉट, २२० व्होल्ट लिहिलंय. तिनं करंट साडेचार अँपिअरच्या आसपास काढला, रोध ४८.४ ओहम, आणि तिन्ही सूत्रांनी हजारच येतंय म्हणून वही घेऊन स्वयंपाकघरात आली. मग २, ३ आणि ६ ओहम समांतर असलेलं गणितही ६ व्होल्ट लावून केलं. ३ अधिक २ अधिक १, एकूण ६ अँपिअर, उत्तर १ ओहम. पुस्तकामागच्या उत्तराशी जुळलं.