कंपमधून (कंपोझिटिंगमधून) परत आलेला शॉट फिका पडतो, सल्ला हवा

तिसरा_ट्रॅक:
रिझॉल्व्ह या संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडलेले २४ शॉट मी प्रोरेस या व्हिडिओ फॉरमॅटमध्ये रेंडर करून कंपोझिटिंगला (शॉटमध्ये वेगवेगळी चित्रे मिसळण्याच्या कामाला) देतो आणि तिथून १० बिटांची डीपीएक्स सिक्वेन्स (प्रत्येक फ्रेमची वेगळी चित्रफाइल) परत आणतो. परत आलेला शॉट मूळ शॉटवर ठेवून चालू-बंद केला की काळे राखाडी होते आणि पांढरे मळते. काम परवा द्यायचे आहे आणि खर्चाची ऐपत अजिबात नाही, तरी नेमके कुठे पाहावे ते सांगावे.

जुना_संकलक:
सर्वप्रथम कॅलिब्रेट केलेला मॉनिटर घ्यावा. मी घेतल्यापासून मला असा त्रास एकदाही झालेला नाही. शिवाय हा गॅमाचा (मधल्या छटा किती उजळ दिसाव्यात याचा) नेहमीचा घोळ असून फाइलवरचे रंगाचे टॅग तपासल्यास तो सुटेल.

करडी_पट्टी:
मॉनिटर बदलून फाइलमधले आकडे बदलत नाहीत. गॅमा चुकला तर मधले करडे सरकतात, निखळ काळा आणि निखळ पांढरा जागेवर राहतात. इथे दोन्ही टोके हलली आहेत, म्हणजे प्रश्न लेव्हल्सचा, काळा आणि पांढरा कोणत्या आकड्यांवर धरायचा याचा, आहे: १० बिटांत फुल लेव्हल्स ० ते १०२३ आणि व्हिडिओ लेव्हल्स ६४ ते ९४०. ० ते १०२३ अशी करडी पट्टी तयार करून, कंपमध्ये एकही नोड (चित्र बदलणारी पायरी) न लावता, ती याच वाटेने फिरवून आणावी आणि वेव्हफॉर्मवर (उजेडाच्या आलेखावर) टोके वाचावीत. ६४ आणि ९४० दिसले तर व्हिडिओ लेव्हल्सचा सिग्नल कुठेतरी फुल समजून वाचला गेला आहे. ११९ आणि ८६९ च्या आसपास दिसले तर आकुंचन दोनदा झाले आहे.

रात्रपाळी:
मीही हेच सांगणार होतो. फक्त डोळ्यांनी जुळवून कॉन्ट्रास्ट वाढवू नका. मी तसे केले, नंतर सहाय्यकाने मूळ सेटिंग दुरुस्त केले, आणि माझी दुरुस्ती तशीच राहिल्यामुळे सावलीत उभा असलेला माणूस केसांसकट काळ्यात बुडाला. सगळे शॉट ईएक्सआर या दुसऱ्या चित्रफाइल फॉरमॅटमध्ये पुन्हा रेंडर करा.

जुना_संकलक:
ईएक्सआर बहुधा लिनिअर (आकडे उजेडाच्या सरळ प्रमाणात) असते; तिथे रूपांतर चुकले तर आगीतून फुफाट्यात पडाल. मॉनिटरचे तेवढे मनावर घ्याच.

तिसरा_ट्रॅक:
पट्टी फिरवली, ६४ आणि ९४० आले. पुन्हा रेंडर करायला दोन रात्रीही पुरणार नाहीत, म्हणून परत आलेल्या क्लिपच्या अॅट्रिब्यूट्समध्ये डेटा लेव्हल्स ‘ऑटो’वरून ‘व्हिडिओ’वर नेले आणि पट्टी ० ते १०२३ झाली.

रात्रपाळी:
ही मलमपट्टी झाली. दोष कंपमध्येच राहिला.

करडी_पट्टी:
चालेल, पण कंपमध्ये नव्याने काय घातले आहे ते पाहावे. तिथे तयार झालेले जे काही ६४ च्या खाली असेल, ते आता सपाट काळे होईल.

तिसरा_ट्रॅक:
असे दोन शॉट आहेत. एकातल्या काळ्या धुराचे पदर खरोखरच नाहीसे झाले. हे दोन लेव्हल्स सुधारून पुन्हा रेंडरला लावले आहेत. बाकीचे २२ मलमपट्टीसह जातील.