न्यूरोएंडोक्राइन गाठींवर पीएचडी घेतली तर मेंदूची वाट कायमची सुटेल का?

निळीशाई

नमस्कार मंडळी. फार्माकॉलॉजीत एमडी संपत आलंय. मेंदूतल्या रसायनांचं वेड जुनं आहे, सेरोटोनिन आणि डिप्रेशन यावरच काम करायचं असं मनाशी ठरवून ठेवलं होतं. आता पीएचडीची जागा मिळतेय ती मात्र न्यूरोएंडोक्राइन ट्यूमरच्या गटात. म्हणजे संप्रेरकं बनवणाऱ्या पेशींच्या, आतड्यातल्या, स्वादुपिंडातल्या गाठी. गाइड म्हणतात, "सेरोटोनिन ते सेरोटोनिनच, कुठलं का असेना." मला ही माझी समजूत काढल्यासारखी वाटते.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, इकडे शिरल्यावर मेंदूकडे परत येता येतं का? दोन, रोजचं काम नेमकं काय असतं? यात प्रत्यक्ष काम केलेल्या कुणी लिहिलं तर बरं होईल. "मनाचं ऐक" छाप सल्ले घरी भरपूर मिळालेत.

कोरांटी

दुर्मिळ आजार म्हणजे पेशंट थोडे, पेशंट थोडे म्हणजे नमुने थोडे आणि पेपर त्याहून थोडे. माझ्या ओळखीतल्या एकाची या विषयात साडेसहा वर्षं गेली. बाकी तुझी मर्जी.

चोवीसतास

निळीशाई, ३१ वर्षं याच कामात काढली आणि चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले. पहिली दहा वर्षं चोवीस तासांच्या लघवीचे कॅन मोजण्यात गेली, हे नाव त्यावरून.

गाइडचं म्हणणं बरोबर आहे, कारण मात्र अर्धवट सांगितलंय. शरीरातलं ९० टक्क्यांहून जास्त सेरोटोनिन आतड्यात असतं आणि त्यातलं मेंदूत काही पोचत नाही, मधला रक्त-मेंदू अडसर ते ओलांडू शकत नाही. मेंदू आपलं आपण बनवतो. तेव्हा "कुठलं का असेना" हे काही खरं नाही. पण जिवंत माणसाच्या मेंदूतलं रसायन मोजायला हाती लागत नाही, आणि गाठ तेच रसायन इतकं ओतते की लघवीत सापडतं. म्हणून मेंदूच्या रसायनशास्त्रातली बरीचशी अक्षरं लोक आधी गाठींच्या पेशंटकडून शिकले.

१९५३ साल बघ. शिंपल्याच्या स्नायूवर काम करणाऱ्या बेटी ट्वारॉग यांनी सस्तन प्राण्याच्या मेंदूत सेरोटोनिन असल्याचं त्या वर्षी छापलं, आणि त्याच वर्षी फ्रेड लेम्बेक यांना ते कार्सिनॉइड (याच गाठींतल्या एका प्रकाराचं जुनं नाव) गाठीत सापडलं. त्याच्या आदल्याच वर्षी एर्स्पामर यांचं आतड्यातलं 'एंटेरामाइन' आणि रॅपोर्ट यांनी रक्तातून काढलेलं 'सेरोटोनिन' एकच असल्याचा निकाल लागला होता. तोवर दोन घरांत दोन नावांनी एकच पोर वाढत होतं. १९५५ मध्ये शोअर्ड्स्मा आणि उडेनफ्रेंड यांनी सेरोटोनिन वापरून झाल्यावर उरणारा चोथा, म्हणजे ५-एचआयएए, लघवीत मोजून गाठ ओळखायची चाचणी आणली.

माझी आवडती गोष्ट वेगळीच आहे. १९५७ मध्ये आर्मस्ट्राँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांना फिओक्रोमोसायटोमाच्या पेशंटांच्या लघवीत एक आम्ल ढिगाने मिळालं, व्हीएमए. ही ॲड्रेनल ग्रंथीची गाठ, ॲड्रेनलिन-नॉरॲड्रेनलिन सोडणारी. ते वाचून ज्युलियस ॲक्सेलरॉड यांनी उलटा माग काढला: हे आम्ल बनायचं तर ॲड्रेनलिनवर मिथाइल गट चढवणारं एखादं एन्झाइम असलंच पाहिजे. शोधलं, आणि मिळालं. तेच सीओएमटी. आज पार्किन्सनच्या पेशंटला एन्टाकॅपोन देतात ना, ते हेच एन्झाइम रोखतं. ॲक्सेलरॉडना १९७० मध्ये नोबेल मिळालं. माग सुरू झाला होता तो लघवीच्या बाटलीपासून.

आता रोजचं काम. पेशंट कॅन घेऊन येणार, ५-एचआयएए टिकावं म्हणून कॅनमध्ये आधीच ॲसिड घातलेलं असणार, आणि "चोवीस तासांचं सगळं जमवलंत ना?" या प्रश्नावर निम्मे लोक नजर चुकवणार. एका बाईंचा आकडा एकदम दुप्पट आला. गाठ वाढली म्हणून आम्ही सगळे गंभीर. चौकशी केली तर आदल्या दिवशी केळी आणि अक्रोड यांवरच दिवस काढलेला. दोन्हींत सेरोटोनिन असतं, अननस-टोमॅटोतही असतं, म्हणून चाचणीआधी पथ्य सांगतात. ते सांगायचं राहिलं होतं. कोणाचं राहिलं होतं? माझं.

त्याहून मोठी फजिती प्लाझ्माची, म्हणजे रक्तातल्या पेशी वगळून उरणाऱ्या द्रवाची. रक्तातलं जवळपास सगळं सेरोटोनिन प्लेटलेट्सच्या पोटात असतं. मला हवं होतं बाहेरचं, मोकळं. त्यासाठी रक्त हळुवार काढायचं, थंड ठेवायचं, सेंट्रिफ्यूजमधून (गरगर फिरवून थर वेगळे करणारं यंत्र) आल्यावर वरचाच थर उचलायचा. आमचा सेंट्रिफ्यूज गरम व्हायचा. प्लेटलेट्स फुटत होत्या आणि मी सात महिने आनंदाने प्लेटलेट्सचं सेरोटोनिन 'गाठीचं' म्हणून वहीत लिहीत होते. निरोगी माणसांचे नमुने लावले तेव्हा तेही आजारी निघाले! वही अजून माझ्याकडे आहे.

परत येता येतं का, हा तुझा मुख्य प्रश्न. मी तर एकाच मशिनवर आले. लघवीतलं ५-एचआयएए ज्या एचपीएलसीवर (मिश्रणातले रेणू वेगळे करून मोजणारं मशिन) मोजायचे त्यावरच पाठीतल्या पाण्यातलं, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीच्या द्रवातलं, मोजता येतं, आणि मेंदूतल्या सेरोटोनिनची खबर घ्यायची ती एक जुनी वाट. मारी ओस्बेर्ग यांच्या गटाने १९७६ मध्ये पाठीतल्या पाण्यात ५-एचआयएए कमी असणं आणि डिप्रेशनमधल्या आत्महत्यांचे प्रयत्न यांचा संबंध दाखवला होता. अकराव्या वर्षी मानसोपचारवाल्यांना कुणीतरी हे मोजून द्यायला हवं होतं आणि इमारतीत ते येत असलेली मी एकटी होते. वाट अशी मिळाली, काही आखलेली वगैरे नव्हती.

वॉर्डकडून

चोवीसतास यांचा प्रतिसाद वाचायला मजा आली, पण निळीशाईने यावरून आजच्या क्षेत्राचा अंदाज बांधू नये. मी या गाठींचे पेशंट बघतो. बहुसंख्य गाठी लक्षणं देण्याइतकं काहीच सोडत नाहीत. लाल होणारा चेहरा, जुलाब, हृदयाच्या उजव्या बाजूच्या झडपा जाड होणं, हे पुस्तकातलं चित्र थोड्यांचं. बाकीच्यांची गाठ दुसऱ्याच कारणाने केलेल्या स्कॅनमध्ये अवचित सापडते. अमेरिकेच्या नोंदींत १९७३ मध्ये लाखामागे १.०९ असलेलं प्रमाण २०१२ मध्ये ६.९८ झालं, त्यात तपासण्या वाढल्याचा वाटा मोठा आहे. म्हणजे कोरांटी म्हणतात तितका हा आजार आता दुर्मिळही राहिलेला नाही.

आजचं काम आहे सोमॅटोस्टॅटिन रिसेप्टरवर (सोमॅटोस्टॅटिन हे संप्रेरक पकडणारा, गाठीच्या पेशींवरचा रेणू). त्याला चिकटणाऱ्या रेणूला ल्युटेशियम-१७७ हे किरणोत्सर्गी मूलद्रव्य बांधून गाठीत किरणोत्सर्ग पोचवायचा. २०१७ मध्ये छापलेल्या, याच उपचाराच्या नेटर-१ चाचणीनंतर चित्र बदललं. लघवीचे कॅन आता मुख्य राहिले नाहीत. आणि गाठ हळू वाढते, त्यामुळे उत्तर यायला वर्षं लागतात. पीएचडीच्या मुदतीत बसेल असाच प्रश्न निवडावा.

चोवीसतास

वॉर्डकडून, कॅनबद्दल मान्य. निवृत्तीच्या वेळी मला एक रिकामा भेट दिला होता, त्यावरून समजा.

पण सोमॅटोस्टॅटिन आलं कुठून? मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमधून! गिलमाँ यांच्या गटाला वाढीचं संप्रेरक सोडायला लावणारा रेणू हवा होता, १९७३ मध्ये हाती लागला तो नेमका ते अडवणारा. शरीरात तो दोन-तीन मिनिटांत निम्मा होतो, म्हणून औषध म्हणून निरुपयोगी. त्याची टिकाऊ नक्कल केली ती ऑक्ट्रिओटाइड, आणि ती तुमच्या वॉर्डात रोज टोचली जाते. तुमचं ल्युटेशियमही त्याच घराण्यातल्या रेणूवर बसून जातं. तेव्हा ही वाट दोन्ही बाजूंनी वाहती आहे.

मोजमापाच्या कामाचा कंटाळा येतो हे मात्र खरं. तो आमच्या पिढीने वीरश्रीच्या गोष्टी सांगून झाकला.

निळीशाई

इतकं सविस्तर लिहिल्याबद्दल दोघांचेही आभार. चोवीसतास ताई, एक अडलंय. गाठ जर आहारातलं ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल ओरबाडून सेरोटोनिन बनवत असेल, तर मेंदूसाठी कच्चा माल कमी पडत नाही का? म्हणजे शरीरात सेरोटोनिनचा पूर आणि मेंदूत दुष्काळ? असं मोजलंय का कुणी?

चोवीसतास

आता बोललीस कामाचं.

कच्चा माल पळतो हे पक्कं आहे. एरवी ट्रिप्टोफॅनपैकी साधारण एक टक्का सेरोटोनिनकडे जातं, जोरात असलेल्या कार्सिनॉइडमध्ये ते ६० टक्क्यांपर्यंत गेल्याच्या नोंदी आहेत. त्यातून, ट्रिप्टोफॅनपासूनच बनणारं नायसिन हे जीवनसत्त्व कमी पडून काहींना पेलाग्रा हा त्याच्या अभावाचा आजार होतो. शिवाय मेंदूत शिरायला ट्रिप्टोफॅनला इतर मोठ्या अमिनो आम्लांबरोबर एकाच दारात रांग लावावी लागते. त्यामुळे तुझी शंका रास्त आहे. पण गाठीचे पेशंट उदास असतात ते यामुळे, की यकृतात गाठी पसरल्याचं कळल्यामुळे, हे एका आकड्याने वेगळं करता येत नाही. मी प्रयत्न केला होता. प्रश्नावल्या भरून घेतल्या, पाठीतलं पाणी द्यायला मात्र अकरा जण तयार झाले. अकरांतून काय निघणार? छापलं नाही.

एक जुना प्रसंग तुझ्या फार्माकॉलॉजीच्या कामाचा आहे. १९६७ मध्ये पीसीपीए हे औषध कार्सिनॉइडच्या पेशंटांना देऊन पाहिलं. ट्रिप्टोफॅनपासून सेरोटोनिन बनवायची पहिली पायरीच ते बंद करतं. जुलाब थांबले. चेहरा लाल होणं फारसं थांबलं नाही, कारण त्यामागे इतर रेणू असतात. आणि मानसिक त्रास सुरू झाले, कारण औषध मेंदूतही शिरत होतं. पुढे २००३ मध्ये कळलं की या पायरीसाठी जनुकं दोन आहेत, आतड्याचं टीपीएच१ आणि मेंदूचं टीपीएच२. मेंदूत फारसं न शिरणारं टेलोट्रिस्टॅट अमेरिकेत मंजूर व्हायला २०१७ उजाडलं. त्याच्या पन्नास वर्षं आधी त्या पेशंटांनी सोसलं तेव्हा आतडं आणि मेंदू यांचा फरक त्यांच्याच अंगावर दिसला होता. नीट वाचायला आपल्याला वेळ लागला.

वॉर्डकडून

यात माझी एक भर. अशा पेशंटला डिप्रेशन झालं तर एसएसआरआय (पेशींबाहेरचं सेरोटोनिन परत आत शोषू न देणारं डिप्रेशनचं औषध) द्यायचं का, यावर अजून वॉर्डात वाद होतात. पूर्वी सरसकट टाळायचे, सेरोटोनिन आणखी वाढेल म्हणून. जुन्या नोंदी चाळून केलेल्या छोट्या अभ्यासांत बहुतेकांचं काही बिघडलेलं दिसत नाही, म्हणून मी देतो, लक्ष ठेवून. पण पेशंट आधी निवडून पुढे त्यांच्यावर लक्ष ठेवणारा, नीट आखलेला अभ्यास हवाय. निळीशाई, हा प्रश्न पीएचडीत बसतो आणि मेंदूही सुटत नाही.

चोवीसतास

बसतो. फक्त एक ध्यानात ठेव, एसएसआरआयने प्लेटलेट्समधलं सेरोटोनिन रिकामं होतं, म्हणजे रक्तातले आकडे औषधानेच बदलणार. आधीचे नमुने न घेता सुरू केलंस तर माझ्या वहीशेजारी तुझीही वही.

आणि गाइडना भेटशील तेव्हा विषयाचं वगैरे नंतर, आधी विचार, सेंट्रिफ्यूज थंड राहणारा आहे का.

निळीशाई

विचारलं. "आहे, पण दुसऱ्या मजल्यावर आणि किल्ली त्यांच्याकडे" असं उत्तर आलंय. सोमवारी किल्लीवाल्यांना भेटते.