विमानात न बसलेला कादंबरीकार : शिस्त की पळवाट?

सुधन्वा_क

जेराल्ड मर्नेनबद्दल कुणीही लिहायला बसलं की तीच यादी पुढे येते. हा माणूस कधी विमानात बसला नाही, ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याबाहेर फारसा पडला नाही, एका बोटाने टाइप करतो, गोरोक नावाच्या खेड्यात राहतो, तिथल्या गोल्फ क्लबाच्या बारमागे उभा राहतो. २०१८ साली न्यूयॉर्क टाइम्सनेही हेच केलं. यादी खोटी नाही. पण तिच्यामुळे लेखक सर्कशीतला प्राणी होऊन बसतो आणि पुस्तकं कोपऱ्यात जातात.

माझं म्हणणं असं की हा विक्षिप्तपणा नव्हे, ही कामाची रीत आहे. आणि मराठीत कादंबरी लिहिणाऱ्याने उचलावी अशी आहे.

आधी वाचन. मर्नेन वाचलेल्या पुस्तकांची नोंद ठेवतात आणि काही वर्षांनी त्या नोंदीपुढे बसून एकच प्रश्न विचारतात : यातलं डोक्यात काय राहिलं? बहुतेक नावांपुढे उत्तर शून्य. जिथे काही राहिलंय तिथेही कथानक नसतं. एखादी खिडकी, गवताचा एखादा पट्टा, एखादं अर्धं वाक्य. ‘अ हिस्टरी ऑफ बुक्स’ (२०१२) हे पुस्तक याच उरलेल्या चित्रांवर उभं आहे. जे राहिलं त्याच्याकडेच ते पुन्हापुन्हा जातात. फ्रेंच कादंबरीकार प्रूस्त, एमिली ब्राँटेचं ‘वदरिंग हाइट्स’, हंगेरियन लेखक द्युला इय्येश. या इय्येशचं पुस्तक इंग्रजीतून वाचून त्यांनी ‘इनलँड’ (१९८८) लिहिली आणि पुढे पन्नाशी उलटल्यावर, १९९५च्या सुमारास, हंगेरियन शिकायला घेतलं. त्यासाठी हंगेरीला काही ते गेले नाहीत.

दुसरं, दफ्तर. त्यांच्या खोलीत फायलींची कपाटं आहेत आणि त्यांत तीन वेगळी दफ्तरं. एक आयुष्याचं, कालक्रमाने. एक लेखनाचं : खर्डे, पत्रव्यवहार, परीक्षणं. तिसरं सगळ्यात अजब. न्यू ईडन आणि न्यू आर्केडी अशी दोन काल्पनिक बेटं आणि तिथल्या घोड्यांच्या शर्यती. घोडे, मालक, जॉकींच्या कपड्यांचे रंग, निकाल, सगळं कागदावर. कुठला घोडा पुढे येणार हेही ते स्वतः ठरवत नाहीत. एखाद्या पुस्तकातला उतारा घेऊन त्यातल्या अक्षरांवरून क्रम काढतात. हे छापण्यासाठी नाहीच.

आपल्याकडे लेखक ‘अनुभवविश्व समृद्ध हवं’ म्हणत हिंडतात आणि परत येऊन पर्यटन खात्याची पुस्तिका लिहितात. एक प्रदेश, दहा-बारा पुस्तकं, नीट लावलेलं कपाट. एवढ्यावर जागतिक दर्जाचं लेखन होतं याचा पुरावा हयात आहे.

खडीसाखर

पुरावा अर्धाच मांडलात. ही रीत एवढी भक्कम होती तर १९९५ साली ‘एमराल्ड ब्लू’ आल्यावर पुढचं कथात्म पुस्तक यायला २००९ का उजाडलं? चौदा वर्षं. मधे २००५ साली आला तो निबंधसंग्रह. आणि २००९चं ‘बार्ली पॅच’ कशाबद्दल आहे? लिहिणं का थांबवलं याबद्दल! कपाटं तीच, टाइपरायटर तोच, वाचनाची नोंद चालूच. कादंबरी मात्र नाही.

दुसरी गोष्ट. ‘सगळं आपल्या ताब्यात’ ही जी प्रतिमा तुम्ही रंगवताय ती प्रकाशनाच्या इतिहासात टिकत नाही. ‘अ लाइफटाइम ऑन क्लाउड्स’ (१९७६) हे मूळ चार भागांच्या बाडातले पहिले दोनच भाग. प्रकाशकाला एवढं मोठं नको होतं. पूर्ण बाड ‘अ सीझन ऑन अर्थ’ नावाने छापून यायला २०१९ उजाडलं. मधल्या काळात वाचकांनी कादंबरीतल्या मुलाची निम्मी गोष्ट वाचून त्याला नुसता विनोदी नायक ठरवून टाकलं. सगळ्यात गाजलेली ‘द प्लेन्स’ (१९८२) तीही एका मोठ्या हस्तलिखितातून कापून काढलेली, आणि ती छापली कुणी? नॉर्स्ट्रिलिया प्रेसने, म्हणजे मेलबर्नच्या विज्ञानकथावाल्या मंडळींच्या छोट्याशा प्रकाशनाने. त्यांनी हात दिला नसता तर कपाटाने काय केलं असतं?

सुधन्वा_क

@खडीसाखर, बाड कापलं गेलं तरी त्रेचाळीस वर्षांनी जसंच्या तसं छापता आलं, ते कशामुळे? दफ्तर होतं म्हणून. हे उदाहरण माझ्या बाजूचं आहे.

चौदा वर्षांबद्दल. त्या काळात हंगेरियन चालू होतं, शर्यतींचं दफ्तर फुगत होतं. २००९ साली पत्नीच्या निधनानंतर ते मेलबर्नचं मॅक्लाउड उपनगर सोडून गोरोकला गेले. त्यानंतरच्या पुस्तकांचा हिशेब पाहा : २०१२, २०१४, २०१५, २०१७ आणि २०२१, शिवाय २०१९ची ती पूर्ण कादंबरी. सत्तरीनंतर इतकं लिहिणारे किती? शेत पडीक ठेवलं म्हणून पीक बुडालं असं कुणी म्हणत नाही.

मंजिरी_प

मला आक्षेप वेगळ्या ठिकाणी आहे. ‘इनलँड’चं मूळ म्हणून इय्येशचं पुस्तक सांगितलंत, पण ते पुस्तक कशाबद्दल आहे ते सांगितलं नाहीत. १९३६चं ते पुस्तक हंगेरीतल्या मोठ्या जहागिरींवर राबणाऱ्या नोकर-मजुरांबद्दल आहे. इय्येश स्वतः त्याच वस्तीतला. त्यात एका मुलीची हकिकत आहे : जहागिरीवरच्या अधिकाऱ्याने तिला रात्री बोलावलं, तिने विहिरीत जीव दिला, पहाटे गुरं पाजायला आलेल्या गुराख्यांना ती सापडली. मर्नेन स्वतः सांगतात की ती विहीर मनातून गेली नाही म्हणून हे सगळं लिहिलं.

आता ‘इनलँड’मध्ये त्या मजुरांचं काय होतं? दूर मैदानावरच्या वाड्यात बसलेला एक माणूस अमेरिकेतल्या साउथ डकोटातल्या संपादिकेला उद्देशून लिहीत बसतो. विहीर राहते, जहागीरदार राहतो, मजूर धूसर होतात. ‘डोक्यात उरलेलं चित्र’ ही पद्धत इथे उघडी पडते. डोकं जे ठेवतं ते निवडून ठेवतं, आणि ज्याची निवड होत नाही त्याला कुणी विचारत नाही.

घराजवळही तेच. ‘द प्लेन्स’मध्ये मैदानांचे जमीनदार आहेत, त्यांचे रंग, त्यांची ग्रंथालयं, त्यांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे वाद. त्या जमिनीचे आधीचे लोक जवळपास नाहीतच. आणि आज मर्नेन राहतात तो विमेरा प्रदेश वोट्जोबलुक लोकांचा. व्हिक्टोरिया राज्यात मूळ रहिवाशांच्या भूमिहक्काला न्यायालयाची पहिली मान्यता २००५ साली मिळाली ती याच भागात. गोरोक हे नावसुद्धा तिथल्या मूळ भाषेतलं, मॅग्पाय पक्ष्याचं. माणूस घरातून हलत नाही याला माझी हरकत नाही. अंगणाच्या मातीकडेही पाहत नाही, याला आहे.

टाकसाळे

मंजिरीताई, मुद्दा वजनदार आहे, पण ‘द प्लेन्स’ला भूगोलाची फूटपट्टी लावताय. ते जमीनदार म्हणजे चेष्टाच आहे हो! निवेदक चित्रपट काढायला म्हणून येतो आणि वर्षानुवर्षं एका जमीनदाराच्या ग्रंथालयात टिपणं काढत बसतो. चित्रपट काही होत नाही. जमीनदार वर्गाचं इतकं कोरडं विडंबन क्वचित सापडतं.

मंजिरी_प

विडंबन मान्य. मात्र विडंबनातही कोण गैरहजर आहे हे दिसतं. त्यावर तुम्ही काही बोलला नाहीत.

रुमाल_दफ्तर

वाद चालू द्या. ‘मराठीत उचलावी’ असं धागाकर्त्याने म्हटलंय म्हणून कागदाबद्दल थोडं, कारण विमेराच्या कोरड्या हवेत जे टिकतं ते रत्नागिरीत टिकेलच असं नाही.

स्टीलचं चार खणांचं कपाट आधी खालून भरावं. ए-फोर आकाराच्या ८० ग्रॅमच्या ५०० कागदांचं वजन अडीच किलो. साधारण ६० सेंटिमीटर खोल खण गच्च भरला तर पंचवीस-तीस किलो सहज होतात. खालचे खण रिकामे आणि वरचा भरलेला खण पूर्ण ओढला, तर कपाट अंगावर येतं. भिंतीला चिकटवून ठेवू नका, चार बोटं जागा सोडा. पावसाळ्यात बाहेरची भिंत पाझरते आणि मागच्या फायलींना आधी बुरशी लागते.

टाचण्या आणि स्टेपलच्या पिना काढून टाका. दोन पावसाळ्यांत त्या गंजतात आणि कागदाला तपकिरी भोक पाडतात. सुती नाडीने बांधा. आपल्या जुन्या दफ्तरखान्यांत कागद कापडी रुमालात बांधत ते उगाच नव्हे. कापड दमट हवा अडकवून ठेवत नाही, प्लॅस्टिकची पिशवी ठेवते. चिकटपट्टी कुठेच नको. वर्तमानपत्राचं कात्रण चांगल्या कागदाला लागून ठेवलं की शेजारचं पानही पिवळं पडतं. झेरॉक्स काढून ती ठेवा. दुकानाची गुळगुळीत पावती काही वर्षांत कोरी होते. कापडी फितीच्या टाइपरायटरची शाई मात्र फार चिवट असते, एक बोट असो की दहा.

वाचनवहीचं म्हणाल तर पुस्तक संपल्याच्या दिवशी फक्त नाव आणि तारीख लिहावी. त्याच दिवशी अभिप्राय लिहिला की पुढे आठवतो तो अभिप्राय, पुस्तक नव्हे. सहा महिन्यांनी त्याच नोंदीपुढे, पुस्तक न उघडता, काय आठवतं ते लिहा. आठवलेलं चुकीचं निघालं तरी खोडू नका. मर्नेनच्या वाचनातला खरा माल त्या चुकांतच आहे.

खडीसाखर

हा प्रतिसाद धाग्यापेक्षा उपयोगाचा आहे. :)

अनुवादक_एक

वाक्याबद्दल अजून कुणी बोललं नाही, आणि सगळं तिथेच तर आहे. मर्नेनची इंग्रजी वाक्यं लांब असतात, पण अलंकारिक नसतात. शब्द साधे, सांधे मात्र भरपूर. कुणी पाहिलं, कुणाला आठवलं, कुणी कळवलं, हे ते प्रत्येक वेळी स्पष्ट करतात. चित्रपटासारखं ‘डोळ्यांपुढे घडतंय’ असं लिहिणं त्यांना पसंत नाही. निवेदक आहे आणि तो विचार करून सांगतोय हे वाचकाने विसरता कामा नये. ‘अ मिलियन विंडोज’ (२०१४) जवळजवळ याच मुद्द्यावर आहे.

मराठीत अडचण येते ती अशी. समजा त्या साच्याचं वाक्य आहे (साचा फक्त, उतारा नव्हे) : ‘ज्या माणसाबद्दल मी लिहितो आहे त्याला, ज्या घरात तो कधी गेलाच नव्हता त्या घराच्या खिडकीवर पडलेलं ऊन आठवत असे.’ ‘ज्या-त्या’सारख्या दोन ज-तच्या जोड्यांपर्यंत मराठी वाचक बरोबर येतो. तिसरी घातली की ‘त्या’ म्हणजे कुठलं, हे कळेनासं होतं. मग सोपा मार्ग म्हणून अनुवादक धातुसाधितं लावत सुटतो : ‘कधी न गेलेल्या घराच्या उन्हाने उजळलेल्या खिडकीची आठवण असलेला माणूस’. व्याकरण शुद्ध, पण सरकारी परिपत्रक! शिवाय क्रम उलटा होतो. मर्नेनकडे आधी माणूस, मग घर, मग खिडकी, शेवटी ऊन; इथे माणूस शेवटी येतो आणि वाट संपते. तिसरा मार्ग, वाक्य तोडायचं. तोडलं की प्रत्येक तुकडा स्वतंत्र सत्य वाटतो, आठवणीतलं ऊन खरंखुरं ऊन होतं.

म्हणून धागाकर्त्याशी अर्धा सहमत. रीत उचलता येईल, वाक्य उचलता येणार नाही. मराठी गद्यात हा सांधेपणा हवा असेल तर ‘असे’, ‘असावा’, ‘म्हणे’ यांच्याकडे जावं लागेल. एका ‘म्हणे’त इंग्रजीचं अख्खं गौण वाक्य मावतं.

टाकसाळे

‘म्हणे’चा मुद्दा फार आवडला. पण ‘म्हणे’त ऐकीव गोष्टीची जरा टिंगल असते. मर्नेनचा निवेदक कुणावर शंका घेत नाही, तो नुसता नोंद करतो. ‘असावा’ जास्त जवळचं.

अनुवादक_एक

बरोबर. ‘म्हणे’ मागे घेतो, निदान ‘इनलँड’पुरतं. ‘द प्लेन्स’ला मात्र चालेल. तिथे टिंगल आहेच.

निशिगंध७२

एक साधा प्रश्न कुणी विचारला नाही : घर कोण चालवत होतं? एका प्रदेशात बसून, दहा पुस्तकं पुन्हापुन्हा वाचत, न छापायच्या शर्यती लिहायला वेळ लागतो. आणि वेळ आकाशातून पडत नाही.

सुधन्वा_क

@निशिगंध७२, प्रश्न योग्य, उत्तर मात्र तुम्हाला अपेक्षित आहे ते नाही. १९७३पर्यंत ते राज्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होते. त्यानंतरची काही वर्षं पत्नी नोकरी करत होती आणि तीन मुलांचं घरी बघणारे मर्नेन होते. ‘टॅमरिस्क रो’ (१९७४) या पहिल्या कादंबरीनंतरची बाडं त्या घरातली आहेत. १९८० ते १९९५ महाविद्यालयात सर्जनशील लेखन शिकवायची नोकरी.

निशिगंध७२

म्हणजे पगार एकाचा, मोकळा वेळ दुसऱ्याचा, आणि नंतर पंधरा वर्षं महिन्याला पगार. मग ‘एक प्रदेश, दहा-बारा पुस्तकं, नीट लावलेलं कपाट’ या तुमच्या यादीत चौथी वस्तूही लिहा ना.

सुधन्वा_क

लिहितो. पण मग हिंडणाऱ्या लेखकाच्या यादीतही लिहा, तिकिटांचे पैसे धरून.

खडीसाखर

सुरुवात कुठून करायची ते तरी सांगा कुणीतरी. धागा वाचून कुणी ‘बार्ली पॅच’ उघडलं तर तिसाव्या पानावर मिटेल.

टाकसाळे

‘द प्लेन्स’. लहान आहे, दोन बैठकांत होते.

मंजिरी_प

‘टॅमरिस्क रो’. व्हिक्टोरियातल्या बेंडिगोसारख्या गावातला मुलगा, शर्यतीच्या नादात कर्ज करून बसलेला बाप, अंगणातल्या मातीत मुलाने केलेले रस्ते आणि गोट्यांचे घोडे. पुढचं सगळं तिथेच आहे, आणि तिथे माणसं अजून धूसर झालेली नाहीत. ‘द प्लेन्स’ दुसरी घ्या. ‘लास्ट लेटर टू अ रीडर’ (२०२१) अगदी शेवटी. त्यात ते स्वतःचं एकेक पुस्तक पुन्हा वाचून त्यावर लिहितात. आधी वाचलंत तर गुणपत्रिका पाहून पेपर सोडवल्यासारखं होईल.

रुमाल_दफ्तर

आणि वाचून झाल्यावर वहीत फक्त नाव नि तारीख!