पॉलिप्रॉपिलीनमध्ये नॅनो-माती मिसळूनही ताकद का वाढत नाही? ब्लेंडचा भाग आधी वाचावा का?

प्रश्न (अंतिम वर्षाची विद्यार्थिनी)

नमस्कार. मी मटेरियल्स सायन्सच्या अंतिम वर्षात असून ‘बहुप्रावस्था पॉलिमर आणि नॅनोकंपोझिट’ हा वैकल्पिक विषय घेतला आहे. प्रकल्पासाठी मी पॉलिप्रॉपिलीनमध्ये ५ टक्के सेंद्रिय प्रक्रिया केलेली मॉन्टमोरिलोनाइट माती ट्विन-स्क्रू एक्स्ट्रूडरमधून २२० अंश सेल्सिअसला मिसळली. ताणसामर्थ्य जवळपास तेवढेच राहिले आणि आघातसामर्थ्य उलट घटले. एक्स-रे डिफ्रॅक्शनमध्ये मात्र मातीच्या थरांमधील अंतर दाखवणारे शिखर दिसेनासे झाले, म्हणून थर पूर्ण सुटे झाले असे मी अहवालात लिहिले आहे. मग गुणधर्म का सुधारले नाहीत? वर्गात पहिले दोन महिने केवळ ब्लेंड (म्हणजे पॉलिमरांची मिश्रणे) शिकवले गेले. तो भाग सोडून थेट नॅनोकंपोझिट (नॅनो आकाराचे कण मिसळलेले पॉलिमर) वाचले तर चालेल का?

उत्तर १ (कंपाउंडिंगच्या, म्हणजे पॉलिमरमध्ये इतर घटक मिसळण्याच्या, क्षेत्रात काम करणारा)

ब्लेंडचा भाग कृपया सोडू नका, कारण तुमच्या प्रश्नाचे उत्तर तिथेच आहे. दोन लहान रेणूंचे द्रव मिसळतात तेव्हा एन्ट्रॉपी (विस्कळीत होण्याकडे असलेला कल) त्यांना साहाय्य करते; पण हजार-हजार एककांच्या साखळ्या मिसळताना ते साहाय्य जवळजवळ नाहीसे होते. फ्लोरी-हगिन्स सिद्धांतानुसार अशा सारख्या लांबीच्या साखळ्या निम्म्या-निम्म्या मिसळायच्या असतील, तर त्यांच्यातील परस्परक्रियेचा गुणांक ०.००२ च्या खाली असावा लागतो. म्हणून बहुतेक जोड्या वेगळ्याच राहतात, आणि दुसरी प्रावस्था (मिश्रणातील वेगळा राहिलेला घटक) किती बारीक विखुरली व पहिलीला किती घट्ट धरून आहे, हाच खरा प्रश्न उरतो. ठिसूळ पॉलिस्टायरीन थोड्याशा रबराने चिवट होते ते रबराचे कण योग्य आकाराचे असतात आणि त्यांच्या पृष्ठभागावर पॉलिस्टायरीनच्या साखळ्या रासायनिक बंधाने जोडलेल्या असतात म्हणून; नुसते रबर ढवळून तो परिणाम मिळत नाही.

मातीचे थर हीसुद्धा अशीच एक दुसरी प्रावस्था आहे. टोयोटाच्या संशोधकांनी १९८० च्या दशकात नायलॉन-६ आणि मातीचे जे नॅनोकंपोझिट केले, त्याचे यश रसायनात होते. मातीच्या थरांमध्ये १२-अमिनोलॉरिक आम्ल बसवले. त्याचे एक टोक थराला चिकटले आणि दुसऱ्या टोकाकडून कॅप्रोलॅक्टमच्या (नायलॉन-६ ज्या रेणूपासून बनते त्याच्या) साखळ्या वाढत गेल्या, म्हणजे वाढत्या साखळ्यांनीच थर दूर सारले. सुमारे ५ टक्के मातीने त्या नायलॉनचे उष्णता-विरूपण तापमान (ज्याला भाराखाली पदार्थ वाकू लागतो ते) ६५ अंशांवरून १५० अंशांच्या आसपास गेले. पॉलिप्रॉपिलीनमध्ये मात्र मातीला धरू शकेल असा एकही ध्रुवीय गट नाही. तुम्ही मॅलेइक अॅनहायड्राइड जोडलेले पॉलिप्रॉपिलीन कम्पॅटिबिलायझर (न जुळणाऱ्या दोन घटकांना जोडणारा पदार्थ) म्हणून घातले होते का? नसेल, तर ताण थरांपर्यंत पोचणारच नाही आणि न सुटलेले गठ्ठे तड्यांची सुरुवात ठरतील; तुमचे आघातसामर्थ्य त्यामुळेच घटले असावे.

उत्तर २ (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर काम करणारी)

वरील उत्तराशी मी सहमत आहे, परंतु अहवालातील ते वाक्य आधी बदला, असे मला आग्रहाने सांगायचे आहे. शिखर नाहीसे होणे हा थर सुटे झाल्याचा पुरावा नव्हे. मातीचे प्रमाण कमी असेल, थरांमधील अंतर अनियमित झाले असेल किंवा शिखर उपकरणाच्या खालच्या कोनमर्यादेपलीकडे सरकले असेल, तरीही ते दिसत नाही. मातीचा एकेक थर सुमारे १ नॅनोमीटर जाडीचा असतो. तो सुटा झाला की नाही, हे ट्रान्समिशन इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली अतिपातळ छेद पाहूनच सांगता येते. कमी वर्धनाचीही छायाचित्रे घ्या, कारण केवळ निवडक कोपऱ्यात सुटे थर सापडतात आणि शेजारी मायक्रॉनभर आकाराचे गठ्ठे पडून असतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. आणखी एक गोष्ट म्हणजे सेंद्रिय प्रक्रियेत मातीवर बसवलेले अमोनियम क्षार २०० अंशांच्या आसपास विघटित होऊ लागतात. २२० अंशांना बराच वेळ गेला असेल, तर थर पुन्हा जवळ आले असण्याची शक्यता आहे.

प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. कम्पॅटिबिलायझर मी घातला नव्हता. नोंदी पुन्हा पाहिल्या, तेव्हा ताणसामर्थ्य बदलले नसले तरी यंगचा मापांक (म्हणजे ताठरता) थोडा वाढलेला आढळला. मी दोन्ही गोष्टी ‘ताकद’ या एकाच शब्दात गुंडाळत होते. आता तापमान १९० अंशांवर आणून कम्पॅटिबिलायझरसह नवा नमुना करणार आहे.

उत्तर १

त्या एका नमुन्याबरोबर आणखी दोन करा: मातीविना पण कम्पॅटिबिलायझर असलेला, आणि त्याच एक्स्ट्रूडरमधून त्याच तापमानाला काढलेले निव्वळ पॉलिप्रॉपिलीन. हे कम्पॅटिबिलायझर बहुधा कमी रेणुभाराचे असते आणि स्वतःच गुणधर्म खाली ओढते. शिवाय एक्स्ट्रूडरमध्ये पॉलिप्रॉपिलीनच्या साखळ्याही तुटतात. हे दोन नमुने नसतील, तर मिळणारा फरक मातीमुळे आहे की इतर कशामुळे, हे परीक्षकांना सांगता येणार नाही.