उलुवातूची माकडं आणि आमच्या चष्मेवाल्या मावश्या

डिसेंबरात सगळं खटलं घेऊन बालीला चाललोय. उलुवातूच्या देवळात माकडं चष्मे पळवतात म्हणे? केचक नाच मात्र बघायचाच आहे.

— चष्म्याला दोरी बांधा. आत्याचा चष्मा मागून अलगद काढला मेल्याने! काडी चावत कठड्यावर बसला. तिथल्या माणसाने फळ दिलं, ते नाकारलं; दुसरं हातात पडल्यावरच चष्मा सोडला. पक्का दलाल!

— पर्समध्ये खाऊ नकोच. चावलं, ओरखडलं तर साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस घ्या. बालीत २००८पासून रेबीज आहे.

— बापरे! आमची थोरली मावशी वणीच्या गडावर माकडांना हाताने चणे भरवते. तिला कोण आवरणार?